कावळ्याला हाक

वर्षातले साडेतीनशे दिवस हाकलायचा आणि पंधरा दिवस बोलवायचा, असा आपल्या घरांभोवती वावरणारा एकच जीव आहे, आणि तो म्हणजे कावळा. गच्चीत कुरडया वाळत घातल्या की राखणीला बसवलेल्या नातवाच्या हातातली काठी त्याच्यासाठी. पोराच्या हातची पोळी पळाली की शिवी त्याला. सकाळी खिडकीशी ओरडला तर 'आज कोण पाहुणा टपकतोय' म्हणून घरातली बाई साखरेचा डबा हलवून पाहते. पण भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला की हाच उपटसुंभ एकदम सन्माननीय होतो. एरवी कचेरीत शिपायालाही मोठ्याने हाक न मारणारे गृहस्थ सोवळे नेसून गॅलरीत उभे राहतात आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांदेखत 'काव, काव' असा पुकारा करतात. कावळा समोरच्या गुलमोहरावर बसून मान वाकडी करतो, पण येत नाही. मग आतून कुणीतरी हळूच सुचवते, "अहो, धाकटीच्या लग्नाचे काढा. त्यात जीव अडकला असेल त्यांचा." तसे वचन दिले जाते, कावळा झेप घेतो, आणि अवघे घर सुटकेचा निःश्वास टाकून पानावर बसते.

दिवाळीच्या फराळाबरोबर पितरांचा विषय काढला म्हणून वाचकांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. वर्षभरातला एखादा दिवस असा असतो, की तो या सदराच्या नेहमीच्या दीड पानात मावत नाही. तो आम्ही दिवाळी अंकासाठी राखून ठेवतो. यंदाचा दिवस जानेवारीतला आहे आणि तो आम्ही अमेरिकेतल्या बर्फात काढला. त्या दिवशी आम्ही चार मित्रांच्या एका टोळीबरोबर हिंडत होतो, आणि ती मंडळी शिकारीला निघाली होती. कावळ्यांच्या.

होय, कावळ्यांच्याच. ज्यांचे बालपण नरभक्षक वाघांच्या आणि जखमी रानडुकरांच्या गोष्टी वाचण्यात गेले त्यांना हे ऐकून हसू येईल. आम्हालाही आले होते. दिवस मावळेपर्यंत ते टिकले नाही, एवढेच.

न्यूयॉर्क म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गगनचुंबी इमारती येतात. पण त्याच नावाचे जे राज्य आहे ते त्या शहराच्या वर, उत्तरेला आणि पश्चिमेला, शेकडो मैल पसरलेले आहे आणि त्याचा बराचसा भाग म्हणजे शेते, गोठे आणि झाडी. त्यात एके ठिकाणी हाताच्या बोटांसारखी लांबट अशी अकरा सरोवरे आहेत, म्हणून त्या मुलखाला 'फिंगर लेक्स' म्हणतात. आमचा भाचा तिथल्या एका खेड्याच्या कडेला राहतो. घरामागे मक्याचे शेत, शेतापलीकडे मेपल आणि ओकचे रान.

टोळीचे म्होरके त्याचे शेजारी. वय 78, आयुष्यभर टपाल वाटण्यात गेलेले. आम्ही त्यांना मनातल्या मनात पोस्टमनबुवा म्हणू लागलो. दुसरे एक गाईंचा मोठा गोठा असलेले शेतकरी, म्हणजे आपल्या भाषेत दूधवाले. तिसरा शाळेची बस चालवणारा तिशीतला जवान. आणि चौथा आमचा भाचा. भाचा बंदूक धरत नाही. थर्मास सांभाळणे, सामान वाहणे आणि गप्प बसणे ही त्याची कामे. तरीही तो या टोळीत कसा, हे पुढे येईलच.

कुणाला वाटेल, कावळा मारायचा तर परवाना कसला? पण तिथे तो लागतो. अमेरिकेचा स्थलांतरी पक्ष्यांचा कायदा 1918 सालचा. त्यात कावळा सुरुवातीला नव्हता. 1972 साली मेक्सिकोशी असलेला करार सुधारला, तेव्हा कावळ्याला त्याच्या छत्राखाली घेतले. तेव्हापासून कुठल्याही राज्याला वर्षात 124 दिवसांहून अधिक कावळ्यांची शिकार खुली ठेवता येत नाही, आणि घरटी-पिले यांच्या ऐन मोसमात तर नाहीच. न्यूयॉर्क राज्याने हे दिवस पुरवून पुरवून वापरायचे ठरवले आहे: 1 सप्टेंबर ते 31 मार्च, आणि त्यातही शुक्रवार ते सोमवार एवढेच. मंगळवार, बुधवार, गुरुवार कावळ्याला अभय. किती मारायचे याला मात्र मर्यादा नाही. कावळ्याला एखाद्या सरकारी नोकरासारखे वारांचे कोष्टक लावलेले पाहून आम्हाला मौज वाटली. पोस्टमनबुवा गंभीरपणे म्हणाले, "हसू नका. बुधवारी ते कुंपणावर येऊन बसतात."

शनिवारी पहाटे पाच वाजता निघालो. पारा शून्याखाली बारा. अंगावर कपड्यांचे चार थर आणि वरून पांढरे चादरीसारखे झगे, कारण भुईवर सगळीकडे बर्फ. तोंडावर पांढरी जाळी. अशा वेषात आम्ही पाचजण अंधारात शेत तुडवत चाललो होतो, ते कुणी पाहिले असते तर शिकारीऐवजी भुताटकीची बातमी झाली असती.

हिवाळ्यातच ही शिकार का, ते पोस्टमनबुवांनी वाटेत सांगितले. उन्हाळ्यात तिथला कावळा कुटुंबवत्सल असतो. नवरा-बायको, यंदाची पिले आणि गेल्या दोन-चार वर्षांतली मोठी मुले, जी स्वतःचा संसार न थाटता धाकट्या भावंडांना भरवायला आईबापांपाशीच राहतात, असे एकत्र कुटुंब आपापला मुलूख सांभाळून असते. थंडी पडली की उत्तरेकडचे कावळे खाली उतरतात आणि हजारोंनी एकत्र येतात. रात्री एकाच ठिकाणच्या झाडांवर थारा धरायचा, पहाटे पांगायचे, दिवसभर कापलेल्या मक्याच्या शेतांतून दाणे टिपायचे आणि संध्याकाळी पुन्हा त्याच थाऱ्यावर परतायचे. जायची-यायची वाट ठरलेली. शिकारी बसतो तो या वाटेवर.

दूधवाल्यांच्या शेताच्या टोकाला झाडोऱ्यात लपण केलेले होते. उजाडायच्या आत मांडामांड सुरू झाली. प्रथम एका उंच बांबूवर प्लॅस्टिकचे घुबड चढवले, आपल्या हुमा घुबडाचा तिकडचा भाऊ, दोन शिंगांचा. मग त्याच्या आजूबाजूच्या फांद्यांवर आणि खाली धसकटांत दोन डझन काळे बनावट कावळे. ते सारे भाच्याने असे लावले, की बघणाऱ्याला वाटावे, घुबड सापडले आहे आणि आळीतले लोक जमा होऊन त्याला जाब विचारत आहेत. घुबड रात्री येऊन झोपलेला कावळा उचलून नेते. म्हणून दिवसा घुबड दिसले की कावळे सगळ्या गोतावळ्याला हाका घालून त्याच्यावर तुटून पडतात. हे आपल्याकडेही होते. भर दुपारी चिंचेवर कावळ्यांची शाळा भरली की आत एखादे घुबड अंग चोरून बसलेले असते.

सगळे स्थिरस्थावर झाल्यावर पोस्टमनबुवांनी खिशातून आपले हत्यार काढले. बंदूक नव्हे, ती पाठीला होतीच. हे हत्यार म्हणजे बोटभर लांबीची एक लाकडी पिपाणी, आत पातळ पत्ती बसवलेली. आता बाजारात ध्वनिमुद्रित कावळे ओरडणारी बॅटरीची यंत्रे मिळतात. बसवाल्याकडे ते होते, पण बुवांसमोर ते काढायची त्याची छाती नव्हती. बुवांनी पिपाणी तोंडात धरली, दोन्ही पंजांचा द्रोण तिच्याभोवती केला आणि हळू आवाजात आम्हाला शिकवणी दिली. ही 'मी इथे आहे' अशी हाक: सावकाश, तीनदा. ही 'इकडे खायला आहे'. ही 'घुबड सापडले, धावा': घोगरी, घाईची, एकात एक गुंतलेली. आणि ही शेवटची, जखमी कावळ्याची. ती त्यांनी वाजवली नाही. "वेळ आल्यावर ऐकाल" म्हणाले.

आम्ही आयुष्यभर 'काव, काव' करत आलो. त्यात आपण कावळ्याला नेमके काय सांगतो, हे त्या पहाटेपर्यंत आमच्या मनातही आले नव्हते.

साडेसातला सूर्य वर आला. पहिला कावळा एकटा आणि मुकाट आला. अमेरिकेतला कावळा आपल्या गावकावळ्याहून थोराड. मानेला राखी पट्टा नाही, डोमकावळ्यासारखा सर्वांगाने काळा. त्याने वरून एक चक्कर मारली. बुवांचे बोट ओठांवर. तो टेहळ्या होता. त्याला मारले तर बाकीचे येत नाहीत, आणि त्याला नुसता हललेला चेहरा दिसला तरी येत नाहीत. आम्ही श्वास धरून बसलो. टेहळ्याने घुबड पाहिले आणि तो ओरडला. लगेच बुवांची पिपाणी सुरू झाली: धावा, धावा.

रानाच्या मागून ते आले. वीस असतील, पंचवीस असतील. ते भीत भीत आले नाहीत. शेजारच्या घरात चोर शिरल्याची ओरड ऐकून चाळीतले पुरुष जिने उतरतात तसे आले, प्रत्येकजण आपल्या परीने ओरडत. घुबडावर पहिला झेपावला, आणि बंदुका वाजल्या. बारा बोअरच्या बंदुकीचा आवाज गोठलेल्या हवेत फार मोठा होतो. तीन पक्षी खाली आले. बाकीचे सरळ वर चढले आणि रानाकडे वळले.

आम्हाला वाटले, संपले. तोच बुवांनी ती राखून ठेवलेली हाक वाजवली. तिचे वर्णन आम्ही करणार नाही. लहान मूल पायरीवरून पडले की पहिल्या किंकाळीनंतर त्याचा जो आवाज निघतो, तेवढे म्हटले तरी पुरे.

आणि पळालेले कावळे परत फिरले.

त्यांनी बंदुका ऐकल्या होत्या. खाली काळे ठिपके पडलेले त्यांना दिसत होते. तरी ते फिरले, डोक्यावर घिरट्या घालू लागले आणि कुणाला तरी काहीतरी ओरडून सांगू लागले. बंदुका पुन्हा वाजल्या. अशा तीन फेऱ्या झाल्या. नऊच्या सुमारास आकाश रिकामे झाले तेव्हा बर्फावर एकोणीस कावळे होते. भाचा झोळी घेऊन ते गोळा करायला गेला. एक जिवंत होता. त्याच्याजवळ बुवा स्वतः गेले आणि त्यांनी तो प्रश्न झटकन मिटवला.

दहा वाजता दूधवाल्यांच्या गोठ्यालगतच्या खोलीत शेगडीभोवती न्याहारी झाली. आम्ही विचारायचे ते विचारले: कशासाठी?

तिघांची तीन उत्तरे आली. दूधवाल्यांचे उत्तर व्यवहाराचे. कावळे पेरलेला मका उकरतात आणि गुरांचा चारा साठवलेल्या प्लॅस्टिकला चोचीने भोके पाडतात. भोकातून पाणी शिरले की चारा कुजतो. हे खरे आहे आणि त्या देशातले हे गाऱ्हाणे जुने आहे. 1918 साली तिथल्या शेतकी खात्याच्या कॅल्मबाख नावाच्या तज्ज्ञाने दोन हजारांहून अधिक कावळ्यांचे कोठे उघडून पाहिले होते. त्यात धान्य आणि फळे यांचा वाटा मोठा निघाला, पण पिकावरच्या अळ्या, किडे आणि टोळही काही थोडे नव्हते. म्हणजे कावळा पिकाचा चोरही होता आणि राखणदारही. असे दोन्हीकडे सही करणारे अहवाल शेतकऱ्याला आवडत नाहीत. पुढे 1940 साली इलिनॉय राज्यात रॉकफर्डजवळ सरकारी खात्यानेच कावळ्यांच्या रात्रीच्या थाऱ्यात सुरुंग लावून एका रात्रीत 3,28,000 कावळे मारल्याची नोंद आहे. हा आकडा ऐकून शेगडीभोवती कोणी बोलले नाही. पोस्टमनबुवांनी फक्त मान हलवली आणि म्हणाले, "ती शिकार नव्हे."

बसवाल्याचे उत्तर प्रामाणिक होते. "मजा येते," तो म्हणाला. "आठवडाभर साठ पोरांचा गोंगाट ऐकतो. शनिवारी मित्रांबरोबर न बोलता बसायला मिळते."

बुवांचे उत्तर लांबले. त्यांचे म्हणणे, कावळ्याइतका तोलाचा प्रतिस्पर्धी त्या रानात दुसरा नाही. एका जागी एकदा मारले की तिथे तो महिनाभर फिरकत नाही. मोटार ओळखतो. काठी घेऊन चाललेला माणूस आणि बंदूक घेऊन चाललेला माणूस यांतला फरक त्याला कळतो. आणि मारलेल्या कावळ्याच्या छातीचे मांस बुवा घरी नेतात, डुकराच्या खारवलेल्या मांसाबरोबर परततात आणि चवीने खातात. इंग्रजीत 'कावळा खाणे' याचा अर्थ नाक घासून शब्द मागे घेणे असा होतो. बुवा म्हणाले, की ही म्हण काढणाऱ्याला स्वयंपाक येत नसावा.

मग त्यांनी आम्हालाच उलट विचारले. तुमच्याकडे कावळ्याला एवढा मान आहे असे ऐकतो. तर तुमचा कावळा अंडी किती घालतो? पिलांना आई एकटीच भरवते की बापही? रात्री तो जातो कुठे? अंड्यांचे उत्तर आम्ही कोकिळेच्या आधाराने कसेबसे दिले. बाकीच्यांना मात्र आमच्या ओळखीत दरवर्षी काकबळी ठेवणारी जी शंभर घरे असतील, त्यांतली किती उत्तर देतील, याचा हिशेब आम्ही मनातच ठेवला.

आता भाच्याची गोष्ट. ती त्याने स्वतः सांगितली नाही. बुवांनी सांगितली, आणि तो शेगडीत लाकडे सारत बसला.

भाच्याचे वडील, म्हणजे आमचे मेहुणे, तीन वर्षांपूर्वी पुण्यात गेले. त्या वेळी तो येऊन सगळे करून गेला. दुसऱ्या वर्षी पितृपक्षात त्याला येता आले नाही. मग त्याने तिकडेच, घरामागच्या लाकडी ओट्यावर पान मांडले. भात, वरण, खीर, वडा. बायकोने सगळे केले होते. कावळे समोरच्या मेपलवर होतेच, पाच-सहा. भाचा हात जोडून उभा राहिला आणि हाका मारू लागला. पहिल्या हाकेला कावळे दोन झाडे मागे गेले. दुसऱ्या हाकेला शेतापलीकडे गेले. तासाभराने भाचा तसाच उभा, सप्टेंबरातल्या वाऱ्यात धोतर सावरत. बुवांनी हे आपल्या खिडकीतून पाहिले आणि काय बिनसले आहे ते विचारायला आले. भाच्याने सांगितले. वडील जेवायचे थांबले आहेत, हे इंग्रजीत कसे सांगितले ते त्याचे त्याला ठाऊक.

बुवा घरी गेले आणि पिपाणी घेऊन आले. म्हणाले, "पहिली गोष्ट, तू आत चल. तुला पाहून कोणी येणार नाही. इथल्या कावळ्याला माणसाचा अर्थ वेगळा माहीत आहे." दोघे आत गेले, पडदा ओढला, खिडकीला बोटभर फट ठेवली. बुवांनी सावकाश, तीनदा, 'मी इथे आहे' वाजवले. मग 'खायला आहे'. अर्धा तास गेला. अखेर एक कावळा कुंपणावर उतरला, कुंपणावरून ओट्यावर आला, पानाभोवती एकदा फिरला आणि त्याने वडा उचलला.

"हा रडला," बुवा भाच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि मी साठ वर्षांत पहिल्यांदा कावळ्याला खोटे न सांगता हाक मारली."

तेव्हापासून भाचा त्यांच्याकडे पिपाणी शिकतो. शिकायचे तर त्यांच्याबरोबर बसले पाहिजे, आणि बुवा बसतात ते बंदूक घेऊनच. "मग तुला चालते हे?" आम्ही त्याला बाहेर आल्यावर विचारले. तो म्हणाला, "मामा, चालते असे नाही. पण इथे कावळ्याची भाषा येणारा दुसरा माणूस मला कुठे भेटणार?" यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. गावातल्या सगळ्यांत जाणत्या वैद्याच्या हातूनच विष मिळावे, तसा हा पेच आहे.

जाणते दुसरेही आहेत, हे मात्र सांगितले पाहिजे. तिथून तासाभराच्या वाटेवर इथाका गावी कॉर्नेल विद्यापीठ आहे. तिथे केव्हिन मॅकगोवन नावाच्या पक्षीशास्त्रज्ञाने गेली तीन दशके कावळ्यांच्या पिलांना खुणेच्या पट्ट्या बांधून त्यांच्या वंशावळी लिहिल्या. घरट्यापर्यंत चढणारा हा माणूस कावळ्यांनी असा ओळखून ठेवला, की तो रस्त्याने जाताना दिसला तरी त्याच्यावर ओरडा सुरू व्हायचा. मग त्याने खिशात शेंगदाणे ठेवायला सुरुवात केली, तेव्हा कावळ्यांनी तेही ध्यानात ठेवले. पश्चिम किनाऱ्यावर सिॲटलला जॉन मार्झलफ यांनी 2006 साली गुहेतल्या आदिमानवाचा मुखवटा घालून सात कावळे पकडले, खुणा बांधल्या आणि सोडून दिले. त्यानंतर तो मुखवटा घालून जो कोणी विद्यापीठाच्या आवारात हिंडे, त्याच्यावर कावळे तुटून पडत, आणि ते नुसते ते सात नव्हेत. ज्यांना कधी कुणी पकडले नव्हते, जे तेव्हा जन्मलेही नव्हते, तेही त्या ओरड्यात सामील होऊ लागले. आईबापांनी वैर शिकवले होते. दुसरा, साधा मुखवटा घालून गेलेल्या माणसाला कोणी विचारत नव्हते.

दुपारी दुसऱ्या शेतावर मांडामांड झाली. तेच घुबड, तेच बनावट कावळे, तीच पिपाणी. दोन वाजले, तीन वाजले. लांब रानाच्या कडेला कावळे दिसत होते. ऐकत होते, हे नक्की. एकही आला नाही. एकदा एक जण बराच उंचावरून ओरडत गेला आणि बुवा पिपाणी खाली ठेवून म्हणाले, "चला. त्याने सांगितले सगळ्यांना." ते हे म्हणाले तेव्हा त्यांच्या आवाजात आम्हाला नाराजी ऐकू आली नाही.

परतीची वाट ऑबर्न गावावरून होती. अमेरिकेसाठी 1867 साली रशियाकडून अलास्का विकत घेणारे मंत्री सेवर्ड इथलेच. पण हिवाळ्यात हे गाव ओळखले जाते ते कावळ्यांसाठी. पाच वाजायच्या सुमारास चारी दिशांनी ते येऊ लागले. आधी सुटे, मग रांगा, मग आकाशभर. हजारो कावळे, भर वस्तीत, रस्त्याच्या दिव्यांवरच्या उघड्या झाडांवर उतरत होते. गावाने त्यांना हुसकायला लेसरचे झोत आणि फटाके वापरून पाहिले. 2003 साली कोणी आसपासच्या रानात कावळे मारण्याची स्पर्धा भरवली, तिच्यावर देशभर ओरड झाली. कावळे रोज संध्याकाळी येतच राहिले. त्यांची कारणे साधी आहेत. दिव्यांच्या उजेडात घुबड दिसते, घरांमुळे थोडी ऊब असते, आणि वस्तीत बंदूक चालवायला बंदी आहे. बसवाल्याने मोटार कडेला घेतली. दिवसभर ज्यांच्या वाटेवर बसलो होतो ते डोक्यावर येऊन बसले होते आणि चौघे शिकारी खिडक्यांतून माना वर करून पाहत होते. त्यांपैकी कोणी काही बोलले नाही. बुवांनी पिपाणी खिशातून काढली नाही.

1999 साली याच राज्यात पश्चिम नाईल नावाचा ताप प्रथम आला. डासांतून पसरणारा हा रोग माणसांना क्वचितच मारतो, पण कावळ्याला लागला की तो बहुधा आठवड्याच्या आत संपतो. पुढच्या काही वर्षांत कावळे इतके मेले, की मेलेला कावळा दिसल्यास कळवा, असे आरोग्य खात्याने नागरिकांना सांगितले. कावळा पडला की रोग त्या भागात आला, हे कळायचे. कावळ्यांची ती गळती शेतातल्या शिकाऱ्यांच्या आणि इथाकाच्या शास्त्रज्ञांच्याही ध्यानात आली.

यावरून शिकारीची तरफदारी करायचा आमचा विचार नाही. हाकेला धावून येणाऱ्याला हाक मारून मारणे आम्हाला त्या दिवशी पटले नाही, आजही पटत नाही, आणि हे आम्ही पोस्टमनबुवांना सांगितलेही. पण आपल्या बाजूला जे आहे तेही पाहावे. ज्या 1972 साली अमेरिकेने कावळ्याला कायद्याच्या छत्राखाली घेतले, त्याच साली आपला वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्यात कावळ्याची जागा उपद्रवी जिवांच्या पाचव्या अनुसूचीत होती, उंदीर आणि वटवाघळांच्या पंगतीला. ती अनुसूचीच काढून टाकायला 2022 ची दुरुस्ती यावी लागली. पन्नास वर्षे आपण गॅलरीत ज्याला बाबा म्हणून बोलावत होतो, त्याला सरकारी कागदावर उपद्रव म्हणत होतो, आणि यात विसंगती आहे असे कुणाच्या मनातही आले नाही. त्या माणसांना कावळ्याचे ज्ञान आहे, दया नाही. आपल्याला श्रद्धा आहे, ज्ञान नाही. भाचा दोन्ही एका ठिकाणी आणायच्या खटपटीत आहे आणि सध्या त्याची पिपाणी, बुवांच्या शब्दांत, 'पडसे झालेल्या कोंबड्यासारखी' वाजते.

आपले काम त्याच्या मानाने सोपे आहे. आपल्या कावळ्याला माणसाच्या आवाजाचे वावडे नाही. आपण खिडकीत उभे आहोत हे पाहूनही तो येतो. असे कावळे सगळीकडे नसतात, हे आम्ही जाऊन पाहिले. तेव्हा सुट्टीत मुलांना समोरच्या झाडावरचे घरटे दाखवावे, पिलांना कोण भरवतो ते मोजायला सांगावे, संध्याकाळी थवा कुठल्या दिशेला जातो ते गच्चीतून पाहावे. खर्च काही नाही. आणि पुढल्या भाद्रपदात कावळा फांदीवर मान वाकडी करून बसला, तर पितरांची कुठली इच्छा राहिली म्हणून लगेच घाबरून जाऊ नये. तो आपल्या तोंडाकडे बघून आठवत असेल, की उरलेले साडेतीनशे दिवस हाच माणूस हातात काय घेऊन उभा होता.